अठरा तासांचा अभ्यास आणि उरलेले सहा तास

एप्रिल आला की आपल्याकडे महाविद्यालयांत, वसतिगृहांत, विहारांत 'सलग १८ तास अभ्यास' सुरू होतो. सकाळी सहाला बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन आणि मग मध्यरात्रीपर्यंत वाचन. उपक्रम चांगला आहे. डीजेच्या भिंतीपुढे नाचण्यापेक्षा शंभरपट चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे न वाचताच कुणी मला विरोधकांच्या यादीत टाकणार नाही. मी स्वतः तीन वर्षे त्यात बसलो आहे. पहिल्या वर्षी पंधराव्या तासाला 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चे एकच पान चार वेळा वाचले आणि पाचव्यांदा वाचताना कपाळ पुस्तकावर टेकले. शेजारच्या मित्राने कोपर मारले आणि म्हणाला, "अरे ऊठ, बाबासाहेब झोपत नव्हते."

हे वाक्य तेव्हा मला लाजवून गेले. आज मला ते चुकीचे वाटते, आणि नुसते चुकीचे नाही, घातक वाटते. वर्षातून एक दिवस कुणी अठरा तास बसले तर कुणाचे काही बिघडत नाही. पण तो एक दिवस आपल्या पोरांनी वर्षभराचे माप करून टाकला आहे. अभ्यासिकेत कोण किती तास बसला याची चढाओढ असते. झोपणारा तो कच्चा, जागणारा तो पक्का भीमसैनिक, असे एक गणित तयार झाले आहे.

आमच्या वस्तीतला एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. रात्री आठ ते सकाळी आठ एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. सकाळी घरी येऊन चहा-चपाती, दहाला आडवा होतो तो साडेबाराला पत्रा तापला की उठतो. एक ते सहा अभ्यासिका. सातला पुन्हा युनिफॉर्म. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मागच्या महिन्यात मला म्हणाला, "दादा, वाचतो ते राहतच नाही. बहुतेक आपल्या डोक्यातच नाही ते."

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. 'यांच्या डोक्यातच नाही' हे वाक्य हजारो वर्षे दुसरे लोक आपल्याविषयी म्हणत आले. ते खोटे आहे हे सिद्ध करण्यात आपल्या चार पिढ्या गेल्या. आणि आज आपलाच मुलगा, शिकलेला, कष्टाळू, तेच वाक्य स्वतःविषयी म्हणतो आहे, कारण त्याला कुणी सांगितलेले नाही की त्याच्या डोक्यात सगळे आहे, त्याच्याकडे झोप नाही. हा लेख त्यासाठी आहे.

आधी बाबासाहेबांचे पाहू, कारण सगळी गाडी तिथेच अडते. गांधी-नेहरू रात्री झोपलेले सापडले आणि बाबासाहेब जागे सापडले, ही गोष्ट आपल्या प्रत्येक वक्त्याच्या भाषणात असते. त्या गोष्टीतले जागे असणे म्हणजे समाजाच्या प्रश्नाविषयी जागे असणे. आपण रूपकाचे शरीरशास्त्र करून टाकले. वस्तुस्थिती काय आहे? धनंजय कीर यांच्या चरित्रात परळच्या चाळीतला प्रसंग आहे. एकच खोली, माणसे जास्त. रामजीबाबा लहान भीमाला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत बसत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर स्वतः आडवे होत. आपण या प्रसंगातला 'दोन वाजता उठून अभ्यास' एवढाच भाग उचलला. त्याच्या आधीचे वाक्य सोडून दिले. त्या बापाने मुलाच्या झोपेसाठी आपली अर्धी रात्र दिली होती. आणि दिली ती कोणती? रात्रीचा पहिला भाग. सुभेदारांना मेंदूच्या लहरींचे शास्त्र माहीत असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी मुलासाठी राखून ठेवला तो नेमका तोच भाग, ज्याचे महत्त्व प्रयोगशाळेत कळायला पुढे अनेक दशके लागली.

झोप म्हणजे मेंदूचा दिवा बंद होणे नव्हे. डोक्याला तारा लावून मेंदूतली विद्युत हालचाल नोंदवली की दिसते, माणूस झोपल्यावर थोड्याच वेळात लहरी संथ आणि उंच होत जातात. जागेपणी बारीक, घाईच्या, गर्दीतल्या कुजबुजीसारख्या लहरी असतात. गाढ झोपेत लाखो पेशी एका तालावर येतात, सेकंदाला एखाददुसरी मोठी लाट. यालाच मंदलहरी झोप म्हणतात. या झोपेतल्या माणसाला हलवून उठवले तर त्याला दोन मिनिटे आपण कुठे आहोत हे कळत नाही. तरुण माणसाच्या रात्रीचा साधारण पाचवा हिस्सा ही झोप असते, आणि तिचा बहुतेक भाग रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात येऊन जातो. पहाटेकडे ती विरळ होते आणि स्वप्नांची, डोळे हलण्याची झोप वाढते.

आता अभ्यासाशी याचा संबंध. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून पाहिले. धावताना ज्या पेशी एकत्र चमकत होत्या, त्याच पेशी नंतरच्या मंदलहरी झोपेत पुन्हा एकत्र चमकत होत्या. म्हणजे उंदीर झोपेत दिवसाची उजळणी करत होता. १९९७ मध्ये जर्मनीत प्लिहाल आणि बॉर्न यांनी माणसांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. काहींना पाठांतरानंतर रात्रीचा पहिला भाग झोपू दिले, काहींना दुसरा. पहिल्या, म्हणजे गाढ झोपेच्या भागात झोपलेल्यांना शब्द जास्त आठवले. हातकौशल्याच्या कामात मात्र उलट, तिथे पहाटेची झोप उपयोगी पडली. २००७ चा एक प्रयोग तर गोष्टीसारखा आहे. लोकांना पत्त्यांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या आणि तेव्हा खोलीत गुलाबाचा वास सोडला. रात्री गाढ झोपेत असताना तोच वास पुन्हा नाकाशी नेला. सकाळी त्यांना पत्त्यांच्या जागा जास्त चांगल्या आठवल्या. स्वप्नांच्या झोपेत वास दिला तर काहीच फरक नाही.

कलमे, घटनादुरुस्त्या, इसवी सन, अनुसूच्या, नद्यांची खोरी, म्हणजे स्पर्धा परीक्षेचा नव्वद टक्के माल याच जातीचा. (जात शब्द इथे नाईलाजाने.) तो दिवसा डोक्यात टाकायचा आणि रात्री पक्का व्हायचा. रात्रच काढून घेतली तर माल फलाटावर पडून राहतो.

इथे एक हुशार आक्षेप येतो, आणि तो मला एका कार्यकर्त्यानेच घातला. गाढ झोप जर पहिल्या तीन-चार तासांत उरकते, तर चार तास झोपून उठावे, बाकीची झोप चैन आहे. आक्षेपात तथ्य आहे. झोप कमी केली तर शरीर मंदलहरी झोप शेवटपर्यंत वाचवते आणि कात्री बाकीच्या झोपेला लावते. पण याचा अर्थ बाकीची झोप फुकटची आहे असा नाही. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या व्हॅन डॉन्गेन आणि सहकाऱ्यांनी ४८ निरोगी माणसांवर प्रयोग केला. काहींना रोज आठ तास अंथरूण, काहींना सहा, काहींना चार, असे चौदा दिवस. एका गटाला तीन दिवस मुळीच झोप नाही. सहा तासवाल्यांची गाढ झोप बऱ्यापैकी टिकली होती. तरीही चौदा दिवसांनंतर त्यांचे लक्ष आणि स्मरण इतके घसरले होते, जणू एक-दोन रात्री अजिबात न झोपलेला माणूस. आणि खरी गोम पुढे आहे: त्यांना स्वतःला तसे वाटत नव्हते. त्यांच्या मते त्यांना थोडीशीच झोप येत होती, बाकी सगळे ठीक होते.

२४ मधून १८ वजा करा. सहा उरतात. त्यातच जेवण, अंघोळ, जाणे-येणे. म्हणजे अठरा तासांचा आदर्श रोज पाळणारा पोरगा प्रयोगातल्या सहा तासवाल्यांपेक्षाही खाली असतो, आणि त्याला वाटत असते की आपण मस्त चाललो आहोत. निकाल लागला की दोष डोक्याला.

आता त्या वॉचमन मुलाकडे येऊ, कारण त्याचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. तो म्हणेल, मला झोप टाळायची हौस नाही, मी दिवसा झोपायला तयार आहे, झोपच टिकत नाही. तो खरे बोलतो. त्याचे कारण त्याच्या इच्छाशक्तीत नाही, त्याच्या शरीराच्या तापमानात आहे.

अंगाचे तापमान ९८.६ असते असे आपण शाळेत शिकलो. ते दिवसभर एकच नसते. शरीराच्या आतले तापमान रोज साधारण एक अंश सेल्सियसच्या आत-बाहेर वरखाली होते. संध्याकाळी ते सर्वांत वर असते, रात्री उतरत जाते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास तळाला जाते. मग आपण उठायच्या आधीच चढायला लागते. ताप, व्यायाम, जेवण यांनी फरक पडतो, पण मूळ चढउतार शरीर स्वतः करते. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक ठिपका आहे. ते शरीराचे घड्याळ. डोळ्यांत शिरणारा उजेड त्या घड्याळाला रोज चावी देतो.

रात्री झोप येण्याआधी हातापायांकडचे रक्त वाढते, तळहात-तळपाय गरम होतात आणि आतली उष्णता त्वचेतून बाहेर निघून जाते. आत गारवा येतो तशी झोप येते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले की झोप किती लवकर लागेल याचा सर्वांत चांगला अंदाज पाय किती गरम आहेत यावरून बांधता येतो. झोपेच्या तास-दोन तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली तर झोप लवकर लागते, ती याच कारणाने. पाण्याने अंग तापते, त्वचेकडे रक्त धावते आणि मग आतून निवते. १९८५ मध्ये अशा गरम अंघोळीनंतर मंदलहरी झोप वाढल्याचेही नोंदले गेले आहे. आपल्या आया कारखान्यातून किंवा धुणीभांडी करून आल्यावर कोमट पाण्यात पाय सोडून बसायच्या, त्यांना कुणी स्वित्झर्लंडहून कळवले नव्हते.

१९८२ मध्ये झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी हे सगळे एका मांडणीत बसवले, आणि ती मांडणी आजही वापरात आहे. ते म्हणतात, झोप दोन हिशोबांवर चालते. एक हिशोब कर्जाचा: जितका वेळ जागे, तितके कर्ज, आणि मंदलहरी झोप म्हणजे त्या कर्जाची फेड. दुसरा हिशोब घड्याळाचा: तापमानाचा उतार असेल तेव्हा झोप टिकते, चढ असेल तेव्हा तुटते. मंदलहरी झोप मुख्यतः पहिल्या हिशोबाचे ऐकते. झोप किती लांबेल हे मोठ्या प्रमाणात दुसरा ठरवतो. १९८० मध्ये अमेरिकेत काही माणसांना खिडकी-घड्याळ नसलेल्या जागेत ठेवून पाहिले. ते किती वेळ झोपतील हे आधी किती जागले यापेक्षा, आडवे होताना त्यांचे तापमान चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावर ठरत होते.

आमचा मुलगा सकाळी दहाला आडवा होतो. कर्ज डोंगराएवढे, म्हणून पडल्या पडल्या गाढ झोप लागते. घरचे म्हणतात, कसा मेल्यासारखा झोपतो. पण आत तापमान चढते आहे, घड्याळ म्हणते आहे दिवस झाला. दोन-अडीच तासांत कर्जाचा पहिला हप्ता फिटला की झोपेला धरून ठेवणारे काही उरत नाही. तेवढ्यात पत्रा तापतो, शेजारी मिक्सर लागतो, गल्लीत भंगारवाला ओरडतो. उठला. रात्रपाळीवाल्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा काही तासांनी आखूड असते, हे जगभर आढळले आहे. मग तो पहाटे चारला गेटवर खुर्चीत बसतो, तेव्हा शरीराचे तापमान तळाला, वर कर्ज न फिटलेले. तेव्हा डोळा लागला की सोसायटीचा चेअरमन मोबाईलवर फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो: 'बघा, याचसाठी पगार देतो का?'

सवय होते, असे सांगणारे भेटतील. १९३८ मध्ये नॅथॅनियल क्लाइटमन हे शास्त्रज्ञ आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे ऊन नाही, तापमान सतत सारखे. त्यांनी दिवस २४ ऐवजी २८ तासांचा केला. विद्यार्थ्याचे शरीर २८ तासांच्या तालावर आले. क्लाइटमन यांचे आले नाही. ते झोपत होते २८ तासांच्या वेळापत्रकाने आणि त्यांचे तापमान वरखाली होत होते २४ च्या. झोपेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाला, सूर्यच नसलेल्या गुहेत, महिनाभरात जे जमले नाही ते महिन्याला चौदा हजार कमावणाऱ्या पोराने सहा महिन्यांत करून दाखवावे अशी अपेक्षा आहे. तोही रोज सकाळी घरी येताना उन्हात चालत येतो, म्हणजे घड्याळाला पुन्हा दिवसाची चावी.

आरोग्याचे एकच सांगतो. २००८ मध्ये शिकागोत नऊ निरोगी तरुणांना तीन रात्री पूर्ण वेळ झोपू दिले, पण गाढ लहरी दिसू लागल्या की बारीक आवाज करून तेवढीच झोप उथळ केली. एकूण झोप कमी झाली नाही. तरी तीन रात्रींत त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद साधारण पंचवीस टक्क्यांनी घटला. बाबासाहेबांचा मधुमेह जागरणाने झाला असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे भोंदूपणा होईल. पण ते वयाच्या ६५ व्या वर्षी गेले, शेवटची कित्येक वर्षे शरीराने त्यांना छळले, आणि आपण त्यांच्या त्या शरीराकडून फक्त जागरण शिकावे, हे काही त्यांच्याविषयीचे प्रेम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकले आहे. रात्री रस्ते झाडणारे, ड्रेनेजच्या गाडीवर जाणारे, हॉस्पिटलात वॉर्ड पुसणारे लोक कोणत्या वस्त्यांतून येतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

गारव्याचे गणितही तसेच आहे. रात्र उकाड्याची आणि दमट असली की मंदलहरी झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही घटतात, जाग वाढते, कारण आतली उष्णता टाकायला बाहेर जागाच उरत नाही. २०२२ मध्ये ६८ देशांतल्या ४७ हजारांहून जास्त लोकांच्या मनगटपट्ट्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रात्र तापली की झोप घटते, आणि गरीब देशांत ती श्रीमंत देशांच्या जवळपास तिप्पट घटते. हेही ज्यांच्या हातात पट्टा आहे त्यांचे. पत्र्याखाली सहा माणसे झोपतात त्यांच्या हातात पट्टा नसतो. पत्रा निदान रात्री निवतो तरी. पुनर्वसनाच्या इमारतीत, दोन इमारतींत हात पोचेल एवढे अंतर, वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभराचे ऊन मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो.

चेन्नईत काही अर्थशास्त्रज्ञांनी ४५२ गरीब कामगारांची झोप मोजली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. हे लोक रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, आणि झोपत किती? साडेपाच तास. बाकीचे उकाडा, डास, आवाज, गर्दी. मग त्यांना पंखे, गाद्या, कानात घालायचे बोळे दिले, जास्त झोपण्याबद्दल पैसेही दिले. रात्रीची झोप साधारण अर्ध्या तासाने वाढली. कामावर परिणाम? दिसला नाही. आपल्या बाजूचा लेखक इथे हा निष्कर्ष गाळून टाकेल, मी गाळत नाही. कारण त्याच प्रयोगात दुसरे काही दिसले: कामाच्या ठिकाणी शांत जागा देऊन दुपारी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तर कामाचा वेग, लक्ष, मनाची स्थिती, सगळे सुधारले. मी याचा अर्थ असा लावतो की तुटक्या झोपेत आणखी तुटके तुकडे घालून भागत नाही. शांत, अखंड अर्धा तास मिळाला तर तेवढ्यानेही माणूस सावरतो. साहेबाच्या केबिनला दार असते आणि हमालाची डुलकी उघड्यावर असते, म्हणून एकाची विश्रांती आणि दुसऱ्याचा आळस.

'ब्राह्ममुहूर्तावर उठणारा सात्त्विक' हेही याच दुकानातले. ज्याचे शरीर लवकर उठण्याचे आहे त्याने जरूर उठावे. पण सोळा ते वीस वयात माणसाचे घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते, हे मोजलेले आहे. पहाटे पाचला न उठणाऱ्या पोराला कुळावरून बोलणाऱ्यांना शास्त्र नको असते, सोवळे हवे असते.

आता कायद्याचे. 'बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ तास केले' असा मेसेज दर कामगार दिनाला फिरतो. तो अचूक नाही, आणि अचूक नसलेली गोष्ट विरोधकाला आयती मिळते. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास, दिवसाला १० तास अशी मर्यादा होती. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ आणि ९ झाली. खरी गोष्टही काही लहान नाही. आठवड्याचे सहा तास म्हणजे कामगाराच्या घरी परत आलेला वेळ. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ कायम आहेत, जादा तासांना कामगाराची संमती लागेल, असे सांगतात. कंत्राटी कामगाराची संमती कशी घेतली जाते हे मुकादमाला विचारा. बारा तास काम, कल्याण-डोंबिवलीकडून तीन तास जाणे-येणे, बाईमाणूस असेल तर दोन तास चूल. सातच उरले. गंमत म्हणजे २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. आपण त्या निकालावर एकही मोर्चा काढलेला नाही.

मोर्चा निघेल तेव्हा निघेल. तोवर माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली अभ्यासाच्या उपक्रमाविषयी. बाबासाहेब पुराव्यावर विश्वास ठेवायला शिकवतात, तर पुरावाच काढू. पुढच्या एप्रिलमध्ये निम्म्या मुलांनी सलग १८ तास बसावे, निम्म्यांनी नऊ-नऊ तास दोन दिवस, मध्ये रात्रभर झोप. तास सारखेच. आठवड्याने दोघांची एकच परीक्षा घ्या आणि निकाल फळ्यावर लावा. मी चुकलो तर जाहीर कबूल करीन.

दुसरी आमच्या विहाराविषयी. खालचा हॉल मोठा आहे, शहाबादी फरशीचा, दोन पंखे, रस्त्यापासून आत. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच तो कुलूपबंद असतो. वस्तीत रात्रपाळी करणारी तीस-पस्तीस माणसे आहेत: वॉचमन, पालिकेचे सफाई कामगार, दोन नर्स, रिक्षावाले. खिडक्यांना जाड पडदे लावून तो हॉल दिवसा त्यांना झोपायला द्यावा, बायकांसाठी मधली खोली, असा अर्ज मी समितीला दिला. गेल्या बैठकीत एका ज्येष्ठ काकांनी विरोध केला. त्यांनी नामांतरात लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. ते म्हणाले, "विहार समाजाला जागं करायला बांधलाय बाबा, झोपवायला नाही." सगळे हसले. विषय पुढे ढकलला गेला.

काका, हा लेख तुमच्यासाठीही आहे. छापून तुमच्या घरी आणून देतो. बैठक येत्या रविवारी सकाळी अकराला आहे. तो मुलगा येऊ शकणार नाही, ती त्याची झोपेची वेळ आहे. पडद्यांचे कोटेशन मी घेऊन येतो.